डबे घेऊन गेलो आणि जेवून आलो

तमाम वाचकांना, आप्तेष्टांना आणि 'तू कसला जातोस!' म्हणून नाकं मुरडणाऱ्या आमच्या आळीतल्या सर्व नाकवाल्यांना जाहीर कळवण्यात येतं, की प्रस्तुत लेखक परदेशी जाऊन, तिथे समाजसेवा करून, गुडघे आणि कोपरं सोलून घेऊन सुखरूप परत आला आहे. सत्काराची आमंत्रणं संध्याकाळी स्वीकारली जातील. नारळ आणणाऱ्यांनी सोललेला आणावा, माझे हात अजून दुखतात.

हल्ली जो तो परदेशी जातो आणि आला की पुस्तक लिहितो. पुस्तकात बर्फ असतो, नदीवरचे पूल असतात आणि एक प्रेमळ म्हातारी असते. माझ्या परदेशात बर्फ नव्हता. पूल होता, तो दापोडीचा. आमच्या पेठेत जन्मलेल्या माणसाची गाडी दापोडीला मुळा ओलांडू लागली, की आता कुणीतरी पासपोर्ट विचारणार असं त्याला वाटू लागतं. म्हाताऱ्या मात्र माझ्या प्रवासात पुष्कळ होत्या, आणि त्यातल्या निम्म्या अजिबात प्रेमळ नव्हत्या.

आता हा परदेश कुठला, ते सांगतो. लोणावळ्याहून औंढ्याच्या अंगाला गेलं, की पुढे डोंगराच्या पायाशी एक वाडी लागते. वाडीच्या वर टेपाडावर अनाथ मुलांचा एक आश्रम आहे. चाळीसेक मुलं. ती झोपतात त्या लांबलचक खोलीवर गवताचं छप्पर होतं, आणि मागच्या पावसाळ्यात ते दोनदा उडालं. मुलांनी रात्री भिंतीला पाठ लावून बसून काढल्या. शेवटी विश्वस्तांनी ठरवलं, मृगाच्या आत पक्कं छप्पर झालं तर ठीक. नाहीतर आश्रम बंद आणि मुलांची वाटणी: मुली एका संस्थेत, मुलगे दुसऱ्या आणि अगदी लहानगी तिसऱ्या गावी.

आम्ही निघालो तेव्हा मे महिना निम्मा सरला होता.

आम्ही म्हणजे कोण

आमचं एक हौशी नाट्यमंडळ आहे. मी त्यात राजाची कामं करतो, कारण सिंहासनावर बसल्यावर माझं पोट रुबाबात मोडतं. एरवी मी कचेरीत कारकून आहे, आणि तिथे तेच पोट आळसात मोडतं. मंडळाचे व्यवस्थापक तात्या बर्वे. तात्या म्हणजे उभा, सडपातळ, कडक इस्त्रीचा माणूस. त्यांच्या घरी मी वर्षानुवर्षं जातो आहे. दार उघडताना त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "या. जेवूनच आला असाल." त्यात प्रश्न नसतो, निकाल असतो. मात्र तात्या न्यायी आहेत. तेही कुणाकडे जाताना जेवूनच जातात. लग्नालासुद्धा.

तर या तात्यांनी आश्रमासाठी आमच्या नाटकाचा प्रयोग लावला. प्रयोग उत्तम झाला. मी दुसऱ्या अंकात मेलो तेव्हा प्रेक्षक हळहळले, आणि आलेल्या मदतीतून मंगलोरी कौलं घेतली गेली. पण कौलं काही स्वतःच्या पायांनी छपरावर चढत नाहीत. तात्या म्हणाले, "पडद्यावर राजवाडे उभे करता, एक छप्पर उभं करता येणार नाही?" त्या आवेशात आम्ही सात नट कचेरीतून रजा घेऊन निघालो. सोबत दोन काळ्या पत्र्याच्या पेट्या होत्या. एकीत हातोड्या, करवती आणि खिळे. दुसरीत आमच्या सातजणांचा शिधा: दशम्या, गूळपोळ्या, मेतकूट, चिवडा आणि लसणाची चटणी.

"त्या पोरक्या लेकरांवर आपल्या जेवणाचा भार टाकायचा नाही," तात्यांनी बजावलं. आम्हाला ते इतकं उदात्त वाटलं, की माझ्या बायकोने डोळ्यांना पदर लावून आणखी दोन गूळपोळ्या डब्यात घातल्या.

लोणावळ्याची हवा

लोणावळ्याला लोक हवा खायला येतात. स्टेशनाबाहेर पांढऱ्या टोप्या घातलेली मंडळी ती खात उभीच होती. मी हवेऐवजी चिक्की खाल्ली, आणि समाजसेवेतली पहिली जखम तिथेच झाली. माझी दाढ. तात्या म्हणाले, "सेवाव्रती माणसाने रस्त्यात चघळू नये."

पेट्या बैलगाडीत टाकून आम्ही चालत निघालो. लोणावळा मागे पडला तसा रस्ता बारीक होत गेला. दोन्हीकडे करवंदीच्या जाळ्या होत्या, काळ्या करवंदांनी लगडलेल्या. भाताची खाचरं कोरडी पडून भेगाळली होती. राब जाळलेल्या जमिनीचे काळे चौकोन जागोजागी दिसत होते. समोर लोहगड, आणि त्याची ती विंचूकाटा माची नांगी पसरून पडलेली. वारा असा, की एका नटाची टोपी उडून खाचरात गेली आणि ती आणायला गेलेला दुसरा नट करवंदीत अडकला.

वाटेतल्या एका झोपडीपाशी मी पाणी मागितलं. म्हणजे मागणार होतो. तोंड उघडायच्या आत दारातल्या म्हातारीने तांब्या पुढे केला. पाणी पिऊन झाल्यावर विचारलं, "कुटनं आलासा?" आमच्याकडे उलट असतं. आधी नाव, मग गाव, मग कोणाकडे काम आहे. आणि एवढं सांगेपर्यंत तहान मेलेली असते. "पुण्याहून," मी म्हणालो. म्हातारीला माझी दया आली. तिने तांब्या पुन्हा भरला.

दुरडी

आश्रम सांभाळणाऱ्या यमुनामावशी दारातच उभ्या होत्या. तळेगावकडच्या, विधवा, लुगड्याचा पदर खोचलेला, आवाज फौजदाराचा. मागे मुलं ओळीने. पुढे एक दहा-अकरा वर्षांची, केस घट्ट बांधलेली मुलगी भाकऱ्यांनी भरलेली दुरडी घेऊन उभी होती. तिच्या परकराला धरून पाचएक वर्षांचा एक मुलगा. ही सखू आणि तिचा पाठचा भाऊ धोंडू. छप्पर झालं नाही तर सखू मुलींत जाणार होती आणि धोंडू लहानग्यांत.

"आधी पानं मांडते," मावशी म्हणाल्या. "पोरींनी पहाटेपासून भाकऱ्या थापल्यात."

तात्यांनी दोन्ही हात वर केले. नाटक असतं तर या पवित्र्याला टाळी पडली असती. "नाही मावशी! आम्ही द्यायला आलोय, घ्यायला नाही. या लेकरांच्या तोंडचा घास आम्ही खायचा? आम्ही आमचं आणलंय." आणि आम्ही सातजण समोरच्या आंब्याखाली जाऊन आपापले डबे उघडून बसलो.

मी सहज वळून पाहिलं. सखू अजून तिथेच उभी होती. तिने आमच्याकडे पाहिलं, मग दुरडीकडे पाहिलं, मग फडकं ओढून भाकऱ्या झाकल्या आणि ती आत गेली. मला वाटलं, आमच्या त्यागाने पोर भारावली.

पेटीतून काय निघालं

जेवून हात धुतले आणि तात्यांनी हत्यारांची पेटी समारंभपूर्वक उघडली. आत दोन कोशा फेटे, एक जरीचा अंगरखा, पत्र्याच्या तलवारी, मिशांची पुडी आणि माझा मुकुट निघाला. हातोड्या पुण्यात राहिल्या होत्या. हत्यारांची, शिध्याची आणि नाटकाची, पेट्या तिन्ही सारख्या, आणि नेपथ्यवाल्याने नेहमीच्या सवयीने नेहमीची पेटी दिली होती.

मग धोंडू पुढे आला, त्याने एक फेटा उचलून डोक्यावर ठेवला आणि तो नाकापर्यंत खाली आला. सगळी पोरं खदखदून हसली. मी मुकुट घातला. मग तर मावशीही हसल्या. सेवेचा मुहूर्त असा झाला.

नशिबाने लोणावळ्याचा सुतार आधीच येऊन वासे चढवून गेला होता आणि पट्ट्या ठोकायच्या म्हणून आपली जादा हत्यारं ठेवून गेला होता. त्यांवर आम्ही काम सुरू केलं. मी एक खिळा सरळ ठोकला. बाकीच्यांचं वर्णन करत नाही. पण खरी अडचण वेगळीच होती. कौलांचा ट्रक टेपाडाच्या पायथ्याशी ओढ्यापलीकडे माल उतरवून निघून गेला होता. तिथून वर खडी चढण. आम्ही कौलं खांद्यावरून वाहू लागलो. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहिलं, तर खालचा ढीग होता तेवढाच दिसत होता आणि आम्ही निम्मे झालो होतो. एकाची पाठ धरली होती, दोघांचे पाय सुजले होते, आणि मी जो काही चालत होतो तो सवयीने.

या सगळ्याला प्रेक्षक होते. वाडीतली दहा-बारा माणसं बांधावर बसून आमचा प्रयोग पाहत होती. मध्ये भिकूआबा. वाडीतला सगळ्यात वडीलधारा शेतकरी, पिळदार म्हातारा, मांडीवर तंबाखूची चंची. मी कौल फोडलं की ते मान हलवत. मी शेवटी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो.

"आबा, बघत काय बसलात? चला की हात लावायला."

"आमी?" आबा म्हणाले. "न्हाई बा. दुसऱ्याच्या रोजगारावर कोन पाय देनार?"

"रोजगार कसला! आम्ही फुकट करतोय."

"फुकाट?" आबांनी आंब्याखालच्या आमच्या डब्यांकडे बोट केलं. "मग भाकरी घरनं का आनली?"

मला कळेना. आबांनी लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. "घरनं भाकरी बांदून येतो त्यो रोजानं आल्याला. इर्जिकीला आल्याला मानूस जिथं काम करतो तितं जेवतो. तुमी आल्यापास्नं आपापलं खाताय. आमी म्हनलो, गुत्त्याची, ठेक्यावरची मानसं दिसत्यात. पर गुत्तेदारानं लय वाईट मानसं निवडली."

इर्जिक म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. एखाद्याच्या घरचं काम एकट्याने उरकणारं नसलं, की तो गावाला आवतण देतो. गाव येतं, दिवसभर राबतं, पैसा घेत नाही. घरधन्याने सगळ्यांना जेवू घालायचं, आणि पुढे त्यांच्या कामाला आपण जाऊन ते फेडायचं.

"मग आश्रमाची इर्जिक का नाही झाली कधी?"

"इर्जिक घर घालतं. ही तर सौंस्था. हिला घरधनी कुटं हाय? आन..." आबा थांबले आणि चंची शोधू लागले.

"आणि काय?"

"काय न्हाई. चंची घावंना."

चंची त्यांच्या मांडीवरच होती.

मावशींनी वाक्य पुरं केलं

दिवेलागणीला मी मावशींना विचारलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्यांना काम जड नाही हो. जेवण जड आहे. या पोरांची जात कुणाला ठाऊक? एक देवळात सापडलेलं, एक स्टेशनवर. गाव वाईट नाही. आजारपणात औषध आणून देतात, भाजी ठेवून जातात उंबऱ्यावर. पण आत येऊन पोरींच्या हातचं कुणी खाल्लेलं नाही आजवर. आवतण दिलं आणि कुणी जेवलंच नाही, तर पोरांना काय सांगू? म्हणून मी दिलंच नाही कधी."

मी काही बोलणार एवढ्यात मागून सखूचा आवाज आला. ती दुरडी घेऊन उभी होती.

"काका, तुमीबी म्हनूनच न्हाई खाल्लं व्हय?"

नाटकात मी अनेकदा मेलो आहे. छातीत कट्यार, पोटात विष, एकदा तर हत्तीच्या पायाखाली. पण असा नाही. तात्या माझ्या शेजारीच होते. त्यांचा कडक इस्त्रीचा चेहरा एकदम चुरगळला.

"नाही गं बाळ," ते म्हणाले. "तसं नाही." आणि मग ते जे बोलले ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. "पानशेतच्या पुरात आमचं घर गेलं. महिनाभर मी शाळेच्या पटांगणात ताट धरून रांगेत उभा होतो. वाढणारे चांगलेच होते. पण रोज कुणाच्या तरी पुढे ताट धरायचं... तेव्हा ठरवलं, यापुढे कुणाच्या दारी जेवणार नाही आणि कुणाला तसं ताट धरायला लावणार नाही. मला वाटलं, तुम्हालाही..."

सखूने विचार केला. "आमी कुटं ताट धरलंया?" ती म्हणाली. "आमी तर वाढाया आलतो."

तात्या जमिनीवर मांडी घालून बसले. म्हणाले, "वाढ." भाकरी सकाळची होती, तांदळाची, आता वातड झालेली. सोबत हुलग्याचं कालवण. तात्या दोन भाकऱ्या जेवले. मी तीन. आमच्या मागोमाग बाकीचे पाच नट आले, आणि आंब्याखालच्या गूळपोळ्यांवर त्या संध्याकाळी मुंग्यांची पंगत बसली.

आवतण

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो सखू वेणीफणी करून, धुतलेला परकर नेसून तयार. धोंडूचं तोंड घासूनपुसून लाल केलेलं.

"कुठे निघालात?"

"आवतान द्याया. उद्या इर्जिक हाय."

"कुणाची?"

"आमची," सखू म्हणाली. "आनखी कुनाची?"

मावशी म्हणाल्या, "अगं, कुणी आलं नाही म्हणजे?"

"तर न्हाई आलं. दिलंच न्हाई तर कसं येतील?"

मी म्हटलं, मी लोणावळ्याहून गूळ आणतो, डाळ आणतो, जेवणाचं सगळं मी बघतो. सखूने माझ्याकडे असं पाहिलं, की मी खिशातला हात काढून घेतला. "तुमी इर्जिकीला आल्यालं. तुमी आनलेलं तुमालाच वाढायचं? लोक काय म्हनतील!"

मग मी नुसताच सोबत गेलो, शोभेचा. घरोघर सखू उंबऱ्याबाहेर उभी राहून एकाच सुरात म्हणायची, "उद्या आमच्या छपराची इर्जिक हाय, समद्यांनी यायचं आन जेवूनच जायाचं." शेवटचे शब्द ती मुद्दाम ठासून म्हणे. बायका एकमेकींकडे बघत. कुणी "बघू" म्हणे, कुणी "व्हय, व्हय" म्हणून घाईने आत जाई. वरच्या ठाकरवाडीपर्यंत आम्ही चढून गेलो. तिथे एका म्हातारीने मात्र धोंडूच्या हातावर मूठभर करवंदं ठेवून विचारलं, "कालवान काय करनार?" प्रेमळ म्हाताऱ्यांत मी हिला पहिला नंबर देतो.

भिकूआबा ओट्यावरच होते. त्यांनी सखूचं आवतण पुरतं ऐकून घेतलं.

"इर्जिक फेडावी लागती, पोरी. कशी फेडशील?"

"आवनीला आमी समदी येऊ. मी रोपं लावती, मावशीनं शिकवलंया. धोंडू मूठ आनून देईल."

"आन घरधनी कोन? पंगतीत हात कोन जोडनार?"

सखूने धोंडूकडे पाहिलं. धोंडू करवंद खात होता. आबा म्हणाले, "बघू," आणि उठून गोठ्यात गेले. परत टेपाड चढताना सखू म्हणाली, "काका, मुलींची सौंस्था लहानग्यांच्या गावापास्नं लय लांब हाय का हो?"

मी अंतर सांगितलं नाही, खोटं बोललो. म्हणालो, "तशी वेळच येणार नाही."

घरधनी

इर्जिकीच्या सकाळी सूर्य वर आला, वाट रिकामी. चुलीवर मोठं पातेलं चढलेलं. आंबेमोहोर शिजल्याचा वास टेपाडभर पसरलेला, आणि तो घ्यायला आम्ही सात नट आणि पट्ट्या पुऱ्या करायला परत आलेला तो सुतार. सखू वाटेकडे पाहत नव्हती. इतक्या निश्चयाने पाहत नव्हती, की मला पाहवेना.

आधी वरून ठाकरवाडीची माणसं उतरली. बोलणं नाही, चालणं नाही, आली आणि सरळ वाशांवर चढली. मग खालून बैलगाडीचं चाक वाजलं. गाडीवर भिकूआबा, मागे आणखी दोन गाड्या, मागे माणसं, बायका, पोरं. आबांनी आम्हाला खाली उभे पाहून एवढंच म्हटलं, "पुनेकरांनो, तुमी मदी उभं ऱ्हा. वर चढू नका. कौलं महाग असत्यात."

ओढ्यापासून खोलीपर्यंत माणसांची एक साखळी उभी राहिली. कौल एका हातातून दुसऱ्या हातात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. माझ्या एका बाजूला तीच कालवण विचारणारी म्हातारी, दुसऱ्या बाजूला तात्या. ती मला कौल देताना दर वेळी म्हणे, "धर, राजा." मुकुटाची बातमी डोंगर चढून गेली होती. जो ढीग दोन दिवसांत हलला नव्हता, तो उन्हं डोक्यावर यायच्या आत वर गेला होता आणि खोलीवर लाल कौलं ओळीने बसत चालली होती. शेवटचं कौल बसलं तेव्हा मावशी खाली उभ्या राहून नुसत्या वर बघत होत्या. छप्पर झालं होतं. वाटणी टळली होती.

आता उरलं होतं जेवण.

मुलींनी पत्रावळ्या मांडल्या. भात, हुलग्याचं कालवण, करवंदाची चटणी. ठाकरवाडीची माणसं बसली. आम्ही बसलो. वाडीतले लोक मात्र हात धुवायला ओढ्यावर गेले ते हात धूतच राहिले. एवढे स्वच्छ हात मावळात त्यापूर्वी कुणी पाहिले नसतील. सगळे आबांकडे बघत होते आणि आबा आपल्या नखांकडे.

सखू दारात आली. हातात भाताचं पातेलं. तिने मोठ्याने हाक मारली, "आबा, भात निवतोय!"

आबा चढून वर आले. पंगतीच्या टोकाशी थांबले. "घरधनी कोन हाय?" त्यांनी विचारलं. "त्यानं हात जोडल्याबिगर बसायचं कसं?"

मग आतून धोंडू आला. नव्हे, आधी फेटा आला. आमचाच कोशा फेटा, आत काहीतरी कोंबून कसाबसा कपाळावर टिकवलेला. त्याच्याखाली मिशा, मंडळाच्या पुडीतल्या, एक बाजू किंचित खाली आलेली. अंगात जरीचा अंगरखा, तो जमिनीवरून फरफटत होता. हे सजवण्याचं काम कुणाचं, ते सांगायला नकोच. मी सखूकडे पाहिलं, सखूने पातेल्यात पाहिलं.

धोंडूने दोन्ही हात जोडले. एक मिशी गळून पडली. तो घाईने म्हणाला, "मंडळी, बसून घ्या. पोटभर जेवा. कमी-जास्त..." आणि तो अडला. सखू हळूच म्हणाली, "गोड मानून घ्या." धोंडू ओरडला, "गोड मानून घ्या!"

भिकूआबांच्या खांद्यांना आधी हलकेच कंप आला. मग तो पोटात गेला, आणि मग ते एवढ्याने हसले की छपरावरचा कावळा उडाला. हसता हसता त्यांनी पडलेली मिशी उचलून धोंडूच्या ओठावर परत चिकटवली, अंगठ्याने दाबली, आणि पत्रावळीसमोर मांडी घातली. "बसा रं समदी," ते ओढ्याकडे ओरडले. "घरधनी उभा ऱ्हायलाय!"

वाडी बसली. आबांनी पहिला घास घेतला, चावला, आणि सखूला म्हणाले, "मीठ कमी हाय." सखूने आनंदाने मीठ वाढलं. घरच्या बाईला असंच बोलतात हे तिला माहीत होतं. मावशी स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. कांदा चिरत असाव्यात, असं मी लिहितो. जेवणात कांदा नव्हता.

निघताना आम्ही रिकामे डबे पेटीत भरले. फेटा धोंडूकडे राहिला, मिशाही राहिल्या. पुढच्या प्रयोगाला आमचा सेनापती गुळगुळीत असेल, प्रेक्षकांनी समजून घ्यावं. बांधापर्यंत सगळी पोरं पोचवायला आली. आबा गाडी जुंपून थांबले होते. सखू मात्र अजून काहीतरी राहिल्यासारखी तात्यांच्या पुढ्यात उभी.

"तात्या, तुमी आमच्या इर्जिकीला राबला. आता फेडाया पायजे. तुमच्या घरचं काय काम असंल ते सांगा. पुन्याला आमी समदी येऊ."

"समदी म्हणजे?" तात्यांनी विचारलं.

"समदी," सखूने मागे हात केला. चाळीस पोरं, मावशी, बांधावर वाडी, पलीकडे ठाकरवाडी. भिकूआबाही मान हलवत होते.

मी तात्यांकडे पाहिलं. त्यांचं ते दोन खोल्यांचं घर, तो अरुंद जिना, ते दार आणि ते दार उघडतानाचं वाक्य माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. तात्यांनी घसा खाकरला. चष्मा काढला, पुसला, उलटा घातला. आणि मग तो कडक इस्त्रीचा माणूस लोहगडावरून प्रतिध्वनी यावा अशा आवाजात ओरडला,

"या! पण खबरदार, जेवून आलात तर!"